मार्जारशिशूचे शौचशिक्षण

ज्या घरांना परसू होते, परसाच्या कडेला उकिरडा होता, चुलीतल्या राखेचा ढीग होता आणि माजघरापासून गोठ्यापर्यंत हिंडण्याफिरण्यास मांजराला कोणाची मुभा मागावी लागत नव्हती, त्या घरांत त्याच्या मलमूत्रविसर्जनाचा प्रश्न कोणापुढे कधी उभाच राहिला नाही. भाटी आपली पिल्ले घेऊन परसात जाई, भुसभुशीत जागा हेरी, आणि पुढचा सारा व्यवहार माणसाच्या दृष्टीआड परस्पर उरकला जाई. पुढे मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांतील कुटुंबे चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या सदनिकांत राहू लागली, खिडक्यांना जाळ्या बसल्या, सारवलेल्या जमिनीच्या जागी गुळगुळीत फरशी आली, आणि मांजर मात्र घरात राहिले, किंबहुना पूर्वीपेक्षा अधिक लाडाने राहिले. तेव्हा परसातली ती मूठभर माती घरात आणून ठेवण्याची जबाबदारी माणसावर येऊन पडली. बाजारात ‘लिटर बॉक्स’ या नावाने जी पसरट पेटी मिळते आणि ‘कॅट लिटर’ म्हणून जी दाणेदार माती पिशवीतून विकली जाते, त्यांचे प्रयोजन एवढेच आहे.

नव्याने मांजर पाळू लागलेली मंडळी मोठ्या काळजीने विचारतात की, एवढ्याशा जीवाला हे सारे शिकवायचे तरी कसे. आणि उत्तर ऐकून त्यांना आश्चर्य वाटते, कारण या विषयात पिल्लाला शिकण्यासारखे फार थोडे असते आणि घरातील माणसांना शिकण्यासारखे पुष्कळ. उकरण्याची आणि झाकण्याची ऊर्मी पिल्लू उपजतच बरोबर घेऊन येते. कोठे उकरायचे एवढेच त्याला दाखवावे लागते, आणि ती जागा त्याला रुचेल अशी राखण्याचा बंदोबस्त सर्वस्वी आपल्याकडे असतो. हा बंदोबस्त चोख असेल तर बहुतेक पिल्लांच्या बाबतीत थोड्याच दिवसांत प्रश्न मिटतो. त्यात हयगय झाली तर वर्षानुवर्षे तक्रार चालू राहते आणि तिचे खापर त्या मुक्या जनावराच्या माथी फुटते.

जन्मल्यानंतर पहिले सुमारे तीन आठवडे मांजराच्या पिल्लाला स्वतःहून मूत्र किंवा मल विसर्जित करता येत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. भाटी त्याला पाजते आणि मग त्याच्या शेपटीखालचा भाग आपल्या खरखरीत जिभेने चाटते. त्या स्पर्शाने प्रतिक्षिप्त क्रिया होऊन विसर्जन घडते, आणि जे बाहेर येते ते भाटी स्वतःच गिळून टाकते, त्यामुळे पिल्लांची निजण्याची जागा कोरडी राहते व शत्रूला वासावरून त्यांचा माग लागत नाही. जिन्याखाली, पोत्यांच्या थप्पीमागे किंवा उभ्या मोटारीच्या बॉनेटखाली आईविना सापडलेली, डोळेही धड न उघडलेली पिल्ले दयाळू माणसे घरी आणतात, ड्रॉपरने दूध पाजतात, रात्र रात्र जागतात, आणि तरीही पिल्लाचे पोट फुगत जाते; कारण पाजणे ठाऊक असते, पण त्यानंतरचे आईचे काम ठाऊक नसते. अशा पोरक्या पिल्लासाठी कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून, नीट पिळून, प्रत्येक वेळी पाजल्यानंतर त्याच जागी हलकेच फिरवावा लागतो, आणि लघवी झाल्याची खात्री करूनच त्याला पुन्हा उबेत ठेवावे लागते. या वयात त्याच्यापुढे मातीची पेटी ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

तिसरा आठवडा सरता सरता हे परावलंबन सुटू लागते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू अडखळत का होईना चालू लागते, मऊ अन्न चघळून पाहते, आणि पायाखाली काही भुसभुशीत आले की ते उकरण्याची इच्छा त्याच्यात आपोआप जागी होते. आईला उकरताना कधीही न पाहिलेली, केवळ बाटलीवर वाढलेली पिल्लेदेखील हेच करतात.

ही क्रिया एकदा शांतपणे बसून निरखण्याजोगी आहे. वजनाने जेमतेम अर्ध्या किलोचे ते पिल्लू, खाणे झाल्यावर थोड्या वेळाने, दोरीशी चाललेला खेळ एकाएकी टाकून देते आणि जमीन हुंगत कोपऱ्याकोपऱ्याने फिरू लागते. पेटीत ठेवले की प्रथम मातीला नाक लावते, पुढच्या एका पंजाने दोन-चार ओरखडे काढते, वळते, पुन्हा हुंगते, तो खळगा नापसंत करून दुसरीकडे उकरते, आणि मग मागचे पाय किंचित फाकवून, शेपटी उचलून, दृष्टी कोठेतरी दूर लावून अगदी स्तब्ध बसते. काम उरकले की मागे वळून वास घेते आणि पंजाने आजूबाजूची माती ओढू लागते. हात अजून बसलेला नसतो, म्हणून त्यातली बरीचशी माती पेटीबाहेर उडते, कधी मातीऐवजी पेटीची भिंतच खरवडली जाते, कधी तर पेटीबाहेरची फरशी. परंतु पुन्हा एकदा हुंगून मनाचे समाधान झाल्याखेरीज ते तेथून हलत नाही. या साऱ्या विधीत डोळ्यांचे काम थोडे आणि नाकाचे व तळपायाचे फार, हे ज्याच्या ध्यानी आले त्याला पुढील सर्व सूचना न सांगताही समजू शकतील.

या सवयीचे मूळ फार दूरचे आहे. आपल्या घरातील मांजराचा मूळपुरुष म्हणजे पश्चिम आशियातील व आफ्रिकेतील रानमांजर, शास्त्रीय परिभाषेत फेलिस लिबिका. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने जगभरच्या पाळीव मांजरांचा वंश पश्चिम आशियातील याच रानमांजराशी जोडून दाखवला. सायप्रस बेटावरील शिलूरोकाम्बोस येथे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका मानवी दफनाशेजारी जाणीवपूर्वक पुरलेले मांजर सापडले, आणि २००४ साली तो शोध जाहीर झाला. मांजर हा त्या बेटावरचा मूळचा प्राणी नव्हे, तेव्हा ते माणसानेच समुद्र ओलांडून तेथे नेलेले असणार. याच फेलिस लिबिकाची एक शाखा, ठिपकेदार अंगाचे वाळवंटी मांजर, राजस्थानात व कच्छच्या रखरखीत मुलखात आजही वावरते. कोरड्या, सुट्या मातीत वाढलेल्या या कुळाने माती उकरून विष्ठा पुरण्याचा शिरस्ता पाडला, आणि त्यामागे केवळ स्वच्छतेची आवड होती असे समजण्याचे कारण नाही. मोकळ्या राहणाऱ्या मांजरांच्या निरीक्षणात असे आढळले आहे की, आपल्या वसतिस्थानाच्या आसपास ती विष्ठा बहुधा झाकतात, तर तेथून दूर पुष्कळदा उघडीच टाकतात. घराजवळचा वास लपवायचा आणि हद्दीवरचा वास जाहीर करायचा, असा हा गंधाचा कारभार आहे; आणि ज्या प्राण्याचा सारा दस्तऐवज गंधात लिहिलेला असतो, त्याच्या पेटीत आपण चमेलीच्या किंवा लिंबाच्या सुवासाची माती घातली तर ती त्याला उपरी वाटल्यास नवल नाही.

माती पिशवीत भरून विकण्याची कल्पना मात्र अगदी अलीकडची आहे. पाश्चात्य देशांतही पूर्वी घरातल्या मांजरांसाठी वाळू, राख किंवा लाकडाचा भुसा ठेवीत. १९४७ सालच्या हिवाळ्यात अमेरिकेतील मिशिगन राज्यात एका बाईंच्या अंगणातील वाळू थंडीने गोठली, म्हणून त्यांनी मांजरासाठी राख वापरून पाहिली, तर घरभर काळी पावले उमटू लागली. तेव्हा त्या शेजारच्या एडवर्ड लो या तरुणाकडे वाळू मागावयास गेल्या. लो यांच्या वडिलांचा औद्योगिक शोषकद्रव्ये विकण्याचा धंदा होता, आणि तेल शोषून घेण्यासाठी वापरली जाणारी भाजक्या मातीची रवाळ जात (आपल्याकडील मुलतानी माती याच गणातली) त्यांच्या जवळ होती. तीच त्यांनी बाईंना दिली. ती इतकी उपयोगी पडली की लो यांनी पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरून त्यांवर हाताने नाव घातले आणि त्या विक्रीला ठेवल्या. वाळू फुकटात मिळत असताना ६५ सेंट देऊन माती कोण घेणार, अशी दुकानदाराची शंका होती, म्हणून लो यांनी आरंभी त्या फुकट वाटण्यास सांगितले; पुढे त्याच मातीवर एक मोठा उद्योग उभा राहिला. १९८० नंतरच्या दशकात बेंटोनाइट नावाची, ओल लागताच फुगून गोळा होणारी माती प्रचारात आली. लघवीचा भाग तेवढा गोळ्याच्या रूपाने अलग काढता येऊ लागल्याने रोजची सफाई पुष्कळ सुकर झाली. या बेंटोनाइटचे विपुल साठे आपल्या कच्छमध्ये आहेत आणि तेथून ते परदेशीही जाते.

येथे एका धोक्याची सूचना अवश्य दिली पाहिजे. हे गोळा होणारे लिटर मोठ्या मांजरासाठी उत्तम असले तरी कोवळ्या पिल्लासाठी वर्ज्य समजावे. कारण लहान मुलाप्रमाणे पिल्लूही प्रत्येक नव्या वस्तूची परीक्षा तोंडाने करते, आणि पोटात गेलेली ही माती तेथील ओलाव्याने फुगून आतड्याचा मार्ग अडवू शकते. निदान तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत पिल्लाला गोळा न होणारी साधी माती, दाबून केलेल्या कागदाच्या किंवा लाकडी भुशाच्या गोळ्या, तीही सोय नसेल तर बारीक फाडलेले वर्तमानपत्र किंवा चाळलेली कोरडी वाळू द्यावी. बागेतली माती उचलून आणू नये, कारण इतर मांजरांच्या विष्ठेतून आलेली कृमींची अंडी तीत असू शकतात. पुढे मोठेपणी लिटर बदलावयाचे झाल्यास जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत आठ-दहा दिवसांत बदलावे. तळपायाला रोज ठाऊक असलेली जमीन एका रात्रीत नाहीशी झाली तर मांजर दुसरी जमीन शोधते, आणि ती बहुधा आपल्या गादीची असते.

पेटीविषयी फार सांगण्याची आवश्यकता नाही. पिल्लासाठी तिची एक बाजू दोन-तीन इंचांहून उंच नसावी, कारण चार आठवड्यांच्या जीवाला सहा इंचांची भिंत ओलांडता येत नाही; भांडी ठेवण्याचा पसरट प्लास्टिकचा ट्रेदेखील आरंभी पुरतो. वाढ पूर्ण झाल्यावर मात्र पेटीची लांबी, नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी असावी, आणि आत दोन-तीन इंच माती असावी. छप्पर असलेल्या पेट्या माणसाला देखण्या वाटतात, परंतु आतला कोंडलेला दर्प मांजरालाच सोसावा लागतो. घरात जितकी मांजरे तितक्या पेट्या आणि वर एक, हा जाणकारांनी सांगितलेला हिशेब लहान घरात अवघड वाटतो खरा. तथापि दोन मांजरे आणि एकच पेटी असेल, तर कधी ना कधी एकाने दुसऱ्याची वाट अडवण्याचा प्रसंग येतोच.

जागेची निवड मात्र विचारपूर्वक करावी. खाण्यापिण्याच्या भांड्यांजवळ पेटी ठेवू नये. येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवू नये, आणि अगदी सांदीतही ठेवू नये, कारण विसर्जनाला बसलेला प्राणी असाहाय्य असतो आणि पळून जाण्याची वाट मोकळी आहे याची त्याला खात्री हवी असते. शहरातील घरांत धुण्याचे यंत्र आणि पेटी पुष्कळदा एकाच सज्जात शेजारी शेजारी असतात. पिल्लू आत बसलेले असताना ते यंत्र एकदा घरघरून हादरले की त्या भीतीची खूणगाठ पेटीशी बांधली जाते, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र बंद असले तरी पिल्लू तिकडे फिरकत नाही. घरच्या माणसांना मात्र कारण उमगत नाही.

पिल्लू नव्याने घरी आले की त्याला पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवावे. तेथेच त्याचे अंथरूण, तेथेच एका टोकाला पाणी व अन्न, आणि दुसऱ्या टोकाला पेटी. साऱ्या घराचा मोकळा अंमल पहिल्याच दिवशी त्याच्या हाती दिला तर वेळ आल्यावर त्याला पेटी आठवत नाही आणि आठवली तरी तेथवर पोहोचण्याइतका धीर धरवत नाही. एवढ्या लहान वयात वेग आवरून धरण्याची शक्तीच आलेली नसते. झोपेतून उठल्यावर, खाऊन झाल्यावर आणि जोराचा खेळ संपल्यावर त्याला अलगद उचलून पेटीत ठेवावे आणि आपण थोडे बाजूला व्हावे. काही जण त्याचे पंजे धरून मातीत उकरायला लावतात. त्यामुळे पिल्लू बावरते आणि पेटीविषयी त्याच्या मनात अढी बसते. त्यापेक्षा आपल्याच बोटाने किंवा छोट्या पळीने मातीत दोन रेघा ओढाव्या. तो खरखर आवाज ऐकून त्याचे कुतूहल जागे होते. बसलेले असताना त्याला हाक मारू नये, उचलू नये, कौतुकही करू नये. उरकून बाहेर आल्यावर डोक्यावरून हात फिरवावा. पहिल्या एकदोन दिवसांत पेटी संपूर्ण धुऊन काढण्याची घाई न करता, त्याच्याच लघवीचा किंचित गंध असलेली थोडी माती आत राहू द्यावी, म्हणजे पुढच्या वेळी नाकच त्याला वाट दाखवते. ही सवय अंगवळणी पडली की एकेक खोली त्याला खुली करावी, आणि घर मोठे असेल तर दूरच्या बाजूस दुसरी पेटी मांडावी.

आपल्याकडील घरांत एक प्रकार वारंवार पाहावयास मिळतो: पिल्लू पेटी सोडून न्हाणीघरातील मोरीच्या जाळीवर जाऊन बसते. यात त्याचा विचार अगदी तर्कशुद्ध असतो. मोरीला ओलसर, किंचित आंबूस वास असतो, जागा एकान्ताची असते, आणि तेथे पूर्वी एकदा लघवी झाली असेल तर तो गंध पाण्याच्या दोन तांब्यांनी जात नाही. अशा वेळी काही दिवस पेटीच मोरीपाशी नेऊन ठेवावी, जाळीवर बादली पालथी घालावी, आणि पिल्लू पेटीत स्थिरावल्यावर ती रोज थोडी थोडी सरकवत हव्या त्या जागी आणावी. पायपुसणे, गोधडी, धुवायला काढलेल्या कपड्यांचा ढीग यांचे आकर्षणही असेच तळपायाशी निगडित आहे. मऊ, उकरता येणारे आणि ओल शोषून घेणारे जे जे काही, ते पिल्लाच्या लेखी मातीच. म्हणून ते शिकेपर्यंत अशा वस्तू उचलून ठेवाव्या, आणि कुंड्यांतल्या मातीवर गोटे पसरावे.

आणि तरीही चूक होणार. ती झाल्यावर पिल्लाचे नाक त्या घाणीत घासण्याची, त्याला चापट मारण्याची किंवा मानगुटीला धरून हलवण्याची जी वहिवाट अनेक घरांत अजूनही चालू आहे, तिच्याइतकी निरुपयोगी आणि निर्दय शिक्षा दुसरी क्वचितच असेल. झालेल्या गोष्टीचा आणि मागाहून मिळालेल्या माराचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही. त्याला एवढेच कळते की हा माणूस भयंकर आहे, आणि यापुढे त्याच्यासमोर बसणे सुरक्षित नाही. मग ते पलंगाखाली, कपाटामागे, पुस्तकांच्या मागल्या फळीवर जाऊन बसू लागते आणि घरची माणसे म्हणतात, हे मुद्दाम लपूनछपून करते. सुडासाठी विष्ठा करण्याइतकी गुंतागुंत मांजराच्या मनात नसते. त्याने जागा बदलली तर पेटीत, घरात किंवा त्याच्या शरीरात काहीतरी बिनसले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

घाण झालेली जागा कशाने पुसावी, हा मला या संपूर्ण विषयातील सर्वांत गंभीर मुद्दा वाटतो, कारण आपल्या घरोघरी त्याचे उत्तर फिनेल हे असते. मांजराच्या यकृतात काही विशिष्ट द्रव्यांचे निर्विषीकरण करणाऱ्या विकराची मोठी उणीव असते. फिनॉल हे अशा द्रव्यांपैकी एक. काळ्या फिनेलमध्ये डांबरापासून निघालेली फिनॉलवर्गी द्रव्ये असतात, आणि पांढऱ्या फिनेलमधील पाइन तेलही मांजराला अपायकारक असते. फरशी पुसली जाते, पिल्लू तिच्यावरून चालते, आणि मग बसून आपले पंजे मन लावून चाटते. विष पोटात जाण्यास याहून सोपा मार्ग नाही. याच शारीरिक उणिवेमुळे माणसाला निर्धोक असलेली पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते, हेही येथे सांगून ठेवतो. आणि वास मारण्यासाठी पेटीजवळ डांबरगोळ्या ठेवण्याची जी रीत आहे तीही तितकीच घातक आहे. अमोनियायुक्त द्रव वापरण्यात आणखी एक तोटा असा की, त्याचा वास लघवीच्या वासाशी जुळतो आणि पिल्लाला ती जागा आपलीच वाटते. प्रथम कोरड्या कागदाने ओल टिपून घ्यावी, साबणाच्या पाण्याने धुवावे, आणि गादी किंवा गालिचा असेल तर विकरयुक्त स्वच्छक वापरावा, कारण मूत्रातील गंधद्रव्यांचे विघटन झाल्याखेरीज केवळ आपल्या नाकाला वास येईनासा झाल्याने मांजराच्या नाकाची फसगत होत नाही.

दुधाची गोष्टही याच प्रकरणात मोडते. बशीभर गाईचे किंवा म्हशीचे दूध म्हणजे मांजराचा आहार, ही समजूत आपल्याकडे फार दृढ आहे. परंतु आईवेगळ्या तान्ह्या पिल्लांना गाईचे दूध मानवत नाही, त्यांच्यासाठी वेगळी पावडर मिळते. आणि अंगावरून सुटलेल्या मांजराच्या पोटात दुग्धशर्करा पचवणारे विकर वयाबरोबर कमी होत जाते. परिणामी जुलाब लागतात, आणि जुलाब झालेले पिल्लू पेटीपर्यंत पोहोचू शकत नाही. कित्येक घरांत पिल्लू शिकत नाही म्हणून जी ओरड असते ती दूध बंद करून, मऊ मांस किंवा पिल्लांसाठीचे अन्न सुरू करताच थांबते. दूध बंद करूनही जुलाब चालूच राहिले तर जंत असण्याचा संभव फार; पशुवैद्याच्या सल्ल्याने लहानपणापासून ठराविक अंतराने जंतांचे औषध द्यावेच लागते.

पेटीची सफाई दिवसातून दोनदा व्हावी. गोळा न होणारी माती काही दिवसांनी सर्वच बदलावी, आणि पेटी गरम पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन उन्हात वाळवावी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, हवेतल्या दमटपणानेच माती ओलसर होते, तेव्हा पिशवीचे तोंड घट्ट बांधून ठेवावे आणि पेटीतील माती नेहमीपेक्षा लवकर बदलावी. बेंटोनाइट शौचकूपात कधीही ओतू नये; नळातही ते तसेच फुगते. घरात गर्भवती स्त्री असेल तर हे काम दुसऱ्याने करावे. टोक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी बाधित मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि गर्भाला इजा करू शकतो; मात्र विष्ठेतून बाहेर पडल्यानंतर संसर्गक्षम होण्यास त्याला १ ते ५ दिवस लागतात, म्हणून रोजच्या रोज साफ होणाऱ्या पेटीपासून धोका फारच थोडा राहतो. हात साबणाने धुवावे, आणि केवळ घरात बाळ येणार म्हणून मांजराला घराबाहेर काढण्याचे कारण नाही.

पिल्लू मोठे होऊ लागले की आणखी दोन गोष्टींकडे लक्ष हवे. पाच-सहा महिन्यांचा बोका उभ्या पृष्ठभागाकडे पाठ करून, शेपटी थरथरवत, भिंतीवर किंवा पडद्यावर उग्र वासाची लघवी फवारतो; ही हद्दीची खूण असते, पेटीचा विसर नव्हे, आणि वयात येण्यापूर्वी नसबंदी करून घेतल्यास हा प्रकार बहुधा उद्भवतच नाही. दुसरी गोष्ट तातडीची. बोका पेटीत पुनःपुन्हा जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो, आणि माती कोरडीच राहते. घरची माणसे त्याला बद्धकोष्ठ झाले असे समजून तेल-तूप पाजत बसतात. वस्तुतः त्याचा अरुंद मूत्रमार्ग खड्यांनी किंवा चिकट द्रव्याने तुंबलेला असू शकतो, आणि तसे असल्यास एकदोन दिवसांत प्राणावर बेतते. सकाळ होण्याची वाट न पाहता त्याच रात्री पशुवैद्य गाठावा. ज्या मांजराला लघवी करताना वेदना होतात ते मांजर त्या वेदनेचा दोष पेटीला देते आणि तिला टाळू लागते. तेव्हा शिकलेल्या मांजराने एकाएकी बाहेर बसण्यास आरंभ केला, तर पहिली तपासणी त्याच्या प्रकृतीची व्हावी.

हे सारे विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की, घरात घाण करते एवढ्याच एका सबबीवर पाळलेली मांजरे पिशवीत घालून मासळीबाजारापाशी किंवा दूरच्या वस्तीत सोडून दिली जातात. जाळीच्या खिडकीआड वाढलेल्या प्राण्याला अन्न शोधणे येत नाही, कुत्र्यांपासून पळणे येत नाही, आणि रस्ता ओलांडणेही येत नाही. उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत विनाकारण प्राणी टाकून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या अकराव्या कलमान्वये गुन्हा आहे. तेव्हा ज्यांच्या घरी असा प्रसंग आला असेल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, पिल्लाविषयी काही निर्णय घेण्यापूर्वी पेटी धुवा, तिची जागा बदला, माती बदला, फिनेल बंद करा, आणि त्याला एकदा पशुवैद्याकडे घेऊन जा.